खांदेरीचा वेढा

आम्हां लोहेकरांपासून समुद्र फार दूर. पाण्यानें वेढलेला किल्ला म्हणजे काय, हें आम्ही जाणतों तें शेजारच्या कंधारच्या किल्ल्याचा खंदक पाहून. परंतु खंदकाचें पाणी किल्लेदाराच्या ताब्यांत असतें; समुद्राचें पाणी मात्र ज्याचीं जहाजें मोठीं त्याच्या ताब्यांत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी, हें १६७९ सालच्या खांदेरीच्या वेढ्यावरून पाहूं.

मुंबईच्या दक्षिणेस, अलिबागनजीकच्या थळ गांवासमोर दोन बेटें आहेत. किनाऱ्याजवळचें लहान तें उंदेरी. त्यापलीकडचें तें खांदेरी. मुंबई बंदरांत येणारींजाणारीं जहाजें खांदेरीवरून सहज टेहळतां येतात. जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यांत आपलें आरमार मुंबईच्या आश्रयास ठेवी, आणि पाऊस उघडतांच मराठी मुलूख लुटावयास निघे. या दोन शेजाऱ्यांच्या मध्यें पाचर मारण्यासाठीं शिवाजी महाराजांनीं हें बेट हेरलें. १६७२ सालचा त्यांचा पहिला प्रयत्न तडीस गेला नाहीं. सात वर्षांनीं, पावसाळा सरत आला असतां, मायनाक भंडारी सुमारें दीडशें माणसें व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तटाचें काम सुरू झालें.

मुंबईकर इंग्रजांनीं बेटावर हक्क सांगितला व गलबतें धाडलीं. १९ सप्टेंबर रोजीं लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प यानें बेटावर उतरण्याचें धाडस केलें. तो व त्याचे कांहीं सोबती ठार झाले. मग 'रिव्हेंज' हें लढाऊ जहाज, दोन गुराबा व कांहीं शिबाडें-मचवे मिळून आठ नौकांचें आरमार कॅप्टन विल्यम मिंचिन व रिचर्ड केग्विन यांच्या हाताखालीं वेढ्यास आलें.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान नागांवच्या खाडींतून गलबतांचा मोठा तांडा घेऊन त्यांवर तुटून पडला. 'डव्ह' नांवाच्या गुराबेनें निशाण उतरविलें. लहान नौका पळाल्या. एकटें 'रिव्हेंज' मात्र टिकलें, आणि त्याच्या तोफांच्या माऱ्यापुढें मराठ्यांस मागें हटावें लागलें. केग्विनच्या धैर्याची तारीफ करण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. त्या दिवशींची झुंज मोठ्या जहाजानेंच जिंकली.

पण वेढ्याचा निकाल त्या झुंजीनें लागावयाचा नव्हता. बेटावर शिबंदी टिकवावयाची तर अन्न, दारूगोळा व बांधकामाचें सामान थळच्या किनाऱ्यावरून रोज ना रोज पोंचलें पाहिजे. खरी लढाई या चिंचोळ्या पाण्याची होती. मोठें जहाज वाऱ्यावांचून पांगळें. शिवाय त्याचा तळ खोल, म्हणून खडकाळ उथळ पाण्यांत शिरण्यास तें भितें. उलट मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या. वारा पडला तर वल्हीं मारीत, रात्रींच्या काळोखांत त्या बेट गांठीत व उजाडण्यापूर्वीं परत येत. दिवसा तोफा चालवून जें साधलें असें इंग्रजांस वाटे, तें रात्रीं फुकट जाई. हें मराठ्यांच्या बखरींतून नव्हे, तर वखारवाल्या इंग्रजांच्याच कुरकुरीच्या पत्रांतून कळतें, म्हणून आम्हीं तें विशेष विश्वसनीय मानितों. त्या होड्या वल्हविणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांचीं नांवें कोणी टिपून ठेविलीं नाहींत.

पुढें सिद्दी कासमही आपलें आरमार घेऊन आला. परंतु खांदेरी सिद्दीच्या हातीं पडली तर ती आपल्या हातीं यावयाची नाहीं, ही शंका इंग्रजांस येऊं लागली! वेढ्याचा खर्चही वाढत होता. १६८० च्या आरंभीं त्यांनीं मराठ्यांशीं तह करून आपलीं जहाजें काढून घेतलीं. सिद्दीनें मात्र जानेवारींत शेजारचें उंदेरी बळकावून तेथें तोफा चढविल्या. तें परत घेण्याच्या प्रयत्नांत दौलतखान जखमी झाला, आणि उंदेरी सिद्दीकडेच राहिली. एप्रिलांत महाराज निवर्तले. त्यानंतर कैक वर्षें हीं दोन बेटें एकमेकांवर तोफा रोखून उभीं होतीं.

१७१८ सालीं मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानें पुन्हा खांदेरीवर आरमार धाडलें. त्या वेळीं बेट कान्होजी आंग्र्यांकडे होतें. तेंही आरमार हात हलवीत मुंबईस परतलें.