टेकडीवरच्या घरासमोर कमी पाण्याची जिवंत बाग

नागपुरात पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. सेमिनरी हिल्ससारख्या चढावर तर पाणी थांबतच नाही. इथे लॉन जगवणं म्हणजे उन्हाळाभर पिण्याचं पाणी ओतणं. त्यापेक्षा या मातीत रुळलेली झाडं लावा. पाणी वाचेल आणि पाखरंही येतील.

१. आखणी : नवतपा सुरू होण्याआधी दुपारचं ऊन कुठे पडतं ते पाहा. बादलीभर पाणी ओतून उतार कुठे आहे तेही बघून घ्या.

२. चर : उताराला आडवा, फूटभर रुंद आणि तेवढाच खोल चर खणा. निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी रचा. छताचं पाणी चरात सोडा. मात्र चर घराच्या पायापासून दहा फूट तरी दूर हवा.

३. माती : मुरमाड जागेत खड्ड्यात निम्मं शेणखत-पालापाचोळ्याचं खत आणि निम्मी माती भरा. काळी माती असेल तर रोप थोड्या उंचवट्यावर लावा, म्हणजे पावसाळ्यात मुळं कुजत नाहीत.

४. लागवड : मृगाचा पाऊस जमिनीत चांगला मुरला की रोपं लावा. कोपऱ्यात एक बहावा. मध्ये चार-पाच फुटांवर कढीपत्ता, लिंबू, अडुळसा, धायटी, तरवड. कडेला कोरांटी. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाशी ठेवा. घाणेरी मात्र लावू नका. ती रान व्यापते.

५. आच्छादन : वाळल्या पानांचा तीन-चार इंच थर द्या. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा.

६. पाणी : पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी एकदाच, पण भरपूर, सकाळी लवकर द्या. रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर ओल टिकते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी खारावलेलं असतं, ते रोज एकाच झाडाला घालू नका.

७. पाहुण्यांची सोय : सावलीत उथळ मातीचं परळ ठेवा, आत एक दगड टाका. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.

८. फवारणी बंद : कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर नीट पाहा. ती फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर, उग्र वासाचं दुफाटं शिंग बाहेर काढते. ती थोडी पानं खाईल. खाऊ द्या, झाडाला नवी पालवी फुटते.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून पाण्याच्या पाळ्या लांबवत न्या. या पावसाळ्यात निदान एक चर खणा आणि पाच रोपं लावा.