पोलादाच्या पोटातला हायड्रोजन

गंज म्हटलं की आपल्याला हॉस्टेलच्या खिडकीचे तांबूस गज आठवतात. हा गंज निदान दिसतो तरी! खरवडला, रंग मारला, की काम भागतं. पण पोलादाचा एक शत्रू असा आहे, की तो बाहेरून दिसतच नाही. तो म्हणजे हायड्रोजन. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे 'एम्ब्रिटलमेंट'साठी मराठी शब्द शोधावा लागला. सापडला तो 'ठिसूळपणा', आणि तोच मला जास्त पटला.

१८७५ मध्ये इंग्लंडमधल्या डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निरीक्षण मांडलं. लोखंडाची तार काही मिनिटं आम्लात बुडवली, की ती वाकवताना पटकन तुटते. काही दिवस तशीच ठेवली किंवा तापवली, तर पुन्हा चिवट होते. म्हणजे आत काहीतरी शिरतं आणि नंतर निघूनही जातं.

हे घडतं कसं? गंजताना लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतो. ते इलेक्ट्रॉन घेऊन पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू तयार होतात. बरेचसे जोडी जमवून बुडबुड्यांच्या रूपात निघून जातात, पण काही एकटेच पोलादात घुसतात. जिथे खेच जास्त, तिथे अणूंची जाळी किंचित फाकलेली असते. आट्यांचा तळ, खाच, भेगेचं टोक, अशा ठिकाणी हे पाहुणे गर्दी करतात आणि पकड कमजोर करतात. भेग थोडी सरकते, नव्या टोकाशी पुन्हा गर्दी होते. म्हणूनच असा बोल्ट आवळताना तुटत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी तुटतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर अगदी हेच झालं. भूकंपासाठी बसवलेले, तीन इंच जाडीचे, जस्ताचा मुलामा दिलेले उच्च ताकदीचे रॉड २००८ पासून न ताणता तसेच राहिले होते, आणि त्यांच्याभोवती पाणी साचलं होतं. मार्च २०१३ मध्ये ते ताणले. ताण कमाल ताकदीच्या साधारण ७० टक्केच होता, तरीही दोन आठवड्यांत ९६ पैकी ३२ रॉड तुटले! तपासात कारण निघालं हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा.

आपण पेपरात 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' काढतो आणि निश्चिंत होतो. त्या आकड्यात हायड्रोजन धरलेला नसतो. उलट पोलाद जितकं कठीण, तितकं ते याला लवकर बळी पडतं. तेव्हा 'जास्त ताकदीचा बोल्ट टाका, म्हणजे झालं' हा सल्ला नेहमी बरोबर नसतो.

उपाय मात्र साधे आहेत. हायड्रोजन, ताण आणि नाजूक पोलाद, हे तिघं एकत्र आले तरच घात होतो. एकाला जरी दूर ठेवलं तरी निभावतं. गरजेपेक्षा कठीण पोलाद घेऊ नका. प्लेटिंगनंतर उच्च ताकदीचे बोल्ट लगेच भट्टीत सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवा, म्हणजे आतला हायड्रोजन निघून जातो. आणि बोल्टच्या भोकात पाणी साचू देऊ नका.

उद्या ड्रॉइंगवर आपल्या सह्या असतील. तेव्हा बोल्टचा ग्रेड लिहिण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: हा बोल्ट पाण्यात किती दिवस राहणार आहे?