पश्चात्ताप आणि मनःपरिवर्तन

'पश्चात्ताप' या शब्दात कृत्यानंतर मनाला होणारा ताप अभिप्रेत आहे. नव्या करारातील 'मेटानोइया' हा मूळ ग्रीक शब्द मात्र मनाचे परिवर्तन सुचवितो. म्हणूनच ख्रिस्ती जीवनात नुसती हळहळ पुरेशी मानली जात नाही. लूकच्या शुभवर्तमानातील यरीहोचा धनाढ्य जकातदार जक्कय येशूच्या भेटीनंतर निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेले चौपटीने परत करण्याचे वचन देतो. १५१७ साली क्षमापत्रांच्या विक्रीवर टीका करताना मार्टिन ल्यूथरने आपल्या ९५ प्रमेयांपैकी पहिल्यातच श्रद्धावंताचे अवघे आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असे प्रतिपादिले. क्षमा ही ईश्वराची कृपा असून ती विकत मिळत नाही. तथापि क्षमा लाभलेल्याने नाडलेल्या माणसाचे देणे फेडावयास हवे, ही जक्कयाच्या कथेची शिकवण होय.