न्यूट्रॉनच्या पोटातील अपूर्णांक

उच्च प्राथमिक वर्गात अणूची रचना शिकविताना फळ्यावर तीन ओळी लिहिल्या जातात : प्रोटॉन धनभारित, इलेक्ट्रॉन ऋणभारित, न्यूट्रॉन उदासीन. मुले त्या पाठ करतात व पाठ तेथेच संपतो. एका शाळाभेटीत एका मुलीने विचारले, "गुरुजी, न्यूट्रॉनमध्ये भार मुळीच नसतो, की असून दिसत नाही?" "मुळीच नसतो," असे सांगून गुरुजींनी तिला खाली बसविले. मीही त्या वेळी गप्प राहिलो. उत्तर अपुरे होते. म्हणून हे टिपण.

प्रथम 'भार' या शब्दाविषयी. विद्युत्‌भार म्हणजे वजन नव्हे, हे आरंभीच सांगावे. आपल्या भाषेत हा घोटाळा हमखास होतो. तसेच 'ऋण' म्हणजे उणीव नव्हे. धन व ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात रूढ केली. ती उलट ठेवली असती तरी निसर्गाचे काही बिघडले नसते. १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला, तेव्हा त्याच्या वाट्याला ऋण चिन्ह आले इतकेच.

आता मुलीचा प्रश्न. १९६४ साली मरे गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे असे मांडले की, प्रोटॉन व न्यूट्रॉन हे आणखी सूक्ष्म कणांचे बनलेले आहेत. या कणांस क्वार्क म्हणतात. पुढे प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली. प्रोटॉनचा भार १ मानला, तर 'अप' क्वार्कचा भार +२/३ व 'डाउन' क्वार्कचा −१/३ येतो. प्रोटॉनमध्ये दोन अप व एक डाउन : २/३ + २/३ − १/३ = १. न्यूट्रॉनमध्ये एक अप व दोन डाउन : २/३ − १/३ − १/३ = ०. वाण्याच्या चोपडीत जमा व नावे सारखे झाले, म्हणून व्यवहारच झाला नाही असे कोणी म्हणत नाही. एकटा क्वार्क मात्र आजवर कोणास सुटा मिळालेला नाही. हे उदाहरण अपूर्णांकांच्या तासालाही खुशाल घ्यावे.

पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी अशाच मूलकणांच्या अभ्यासात आयुष्य वेचले. वर्गातील मुलींना हे नाव आवर्जून सांगावे.

प्रयोगाबद्दल एक सूचना. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलून दाखविणे सर्वांस ठाऊक आहे. घासल्याने भार नवा उत्पन्न होत नाही. इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात. परंतु आपल्या जिल्ह्यात आषाढ-श्रावणात हा प्रयोग बहुधा फसतो. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा पातळ थर बसतो व साचलेला भार निसटून जातो. मग मुलांस वाटते, पुस्तकच खोटे. तेव्हा हा पाठ दिवाळीनंतर, थंडीच्या कोरड्या दिवसांत, दव ओसरल्यावर घ्यावा. केसांना तेल नसलेला विद्यार्थी आदल्या दिवशीच हेरून ठेवावा.