कुरुंदाच्या पुडीत रेती किती?

‘शिकलगार’ हा शब्द अरबी ‘सैकल’वरून आला, सैकल म्हणजे घासून चमक आणणे. बुलढाणा जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत विळे, अडकित्ते आणि बकरी ईद जवळ आली की सुऱ्या सानेवर येतात. पूर्वी कारागीर लाखेत कुरुंदाची पूड कालवून सान स्वतः घडवीत. आता पूड आणि चाके बहुतेक कारखान्यातली असतात.

कुरुंद म्हणजे माणिक आणि नीलम यांचाच साधा, पाणी नसलेला भाऊ. याकूत म्हणतो तो हाच दगड. कठीणपणात हिरा १०, कुरुंद ९, गारगोटी ७. आपली जमीन काळ्या दगडाची. तिच्यात गारगोट्या व अकीक सापडतात, कुरुंद नाही. महाराष्ट्रात तो भंडाऱ्याकडे मिळतो. माल बाहेरचा, तेव्हा पारखूनच घ्यावा. रेतीही पोलाद खरवडते, त्यामुळे घासून पाहण्याने भेसळ लपते.

वजन मात्र लपत नाही. अल-बिरुनीने (९७३–१०४८) रत्ने पाण्यात बुडवून, किती पाणी सरते त्यावरून ओळखण्याची रीत वापरली होती. आम्ही तीच सुचवतो. खुणा असलेल्या मापात १०० मिलिलिटर पाणी घ्या, त्यात १०० ग्रॅम कोरडी पूड टाकून ढवळा, बुडबुडे जाऊ द्या. शुद्ध कुरुंदाने पाणी सुमारे २५ मिलिलिटर चढते, निव्वळ रेतीने सुमारे ३८. पंचवीसच्या जितके वर, तितकी शंका. काळे किंवा हिरवे कार्बोरंडम वेगळे. त्याने ३१ चढते आणि ते कुरुंदाहून कठीण असते. गार्नेटचे वजन कुरुंदाजवळ जाते, म्हणून शेवटी पूड गारगोटीवर दाबून घासा. कुरुंद स्पष्ट ओरखडे पाडतो, गार्नेट जेमतेम.

पूड विकणाऱ्या आमच्या बांधवांनीही हे माप दुकानात ठेवावे. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात अख्खी सूरह आहे, ती रेतीच्या व्यापाऱ्याला वगळत नाही.

पैशापेक्षा मोठे नुकसान छातीचे. रेतीची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. जिथे चालेल तिथे पाणी सोडूनच घासा. कोरडे काम असेल तर वाऱ्याकडे पाठ करून बसा, पोरांना सानेजवळ बसवू नका. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. त्यासाठी बारीक धुळीचा मास्क लागतो.