धानाच्या करप्यावर माणसांचे औषध फवारू नका

हरेली होऊन पोळा जवळ आला की आमच्या बोरसी गावाच्या आसपासच्या बांध्यांत धान फुटव्यावर असते आणि नेमका तेव्हाच कडा करपा दिसू लागतो. पान शेंड्यापासून कडेकडेने पिवळे पडते आणि नागमोडी रेषेत खाली वाळत येते. बुरशीच्या करप्याचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे असतात; हा रोग मात्र झान्थोमोनास ओरायझी या जिवाणूचा आहे. खात्री करायची तर रोगट पान कापून त्याचे टोक ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरावे. जिवाणू असतील तर थोड्याच वेळात कापलेल्या जागेतून दुधाळ स्राव उतरताना दिसतो. रोग जिवाणूचा म्हणून प्रतिजैविकाची पुडी आणायची, असा बऱ्याच जणांचा हिशेब असतो. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते. ती फवारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली अमेरिकेत शास्त्रज्ञ वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. ते तयार करणाऱ्या जिवाणूचा एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतून मिळाला होता, दुसरा कोंबडीच्या घशातून. क्षयरोगावर गुणकारी ठरलेले ते पहिले प्रतिजैविक. माती, जनावर आणि माणूस यांच्यातील जिवाणूंची जगे वेगळी नाहीत, हे या औषधाच्या जन्मातच दिसते. त्याला दाद न देण्याची ताकदही अशीच फिरते. जिवाणू आपली जनुके एकमेकांना देतात, अगदी परक्या जातीच्या जिवाणूलाही. स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी स्ट्र-ए आणि स्ट्र-बी ही जनुकांची जोडी पिकांवरील, जनावरांतील आणि माणसांतील अशा तिन्ही ठिकाणच्या जिवाणूंत आढळली आहे. अमेरिकेतील सफरचंद-नाशपातीच्या बागांत वर्षानुवर्षे हे औषध फवारले गेले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथला रोगजंतू त्याला जुमानेनासा झाला.

यावर शेतकरी म्हणेल की दवाखाने आणि कोंबडीपालन यांत औषधाचा वापर कितीतरी अधिक आहे, मग बोट आमच्याकडेच का? प्रमाणाचा मुद्दा खरा आहे, आणि दूध-कोंबडीच्या धंद्यालाही हाच नियम लागला पाहिजे. पण फवारा बाटलीत राहत नाही. पावसाने धुऊन तो बांधीत, बांधीतून नाल्यात उतरतो आणि मातीतल्या असंख्य जिवाणूंना त्याची सवय लावतो. दुसरा आक्षेप असा की फवारल्यावर रोग थांबलेला दिसतो. पुष्कळदा पाऊस उघडून हवा कोरडी झाली की करपा आपोआप मंदावतो, आणि श्रेय पुडीला मिळते. केंद्र सरकारनेही डिसेंबर 2021 मध्ये या दोन औषधांचा शेतीतील वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला होता.

मग करायचे काय? युरियाचा हात आवरा. नत्र जास्त झाले की पान लुसलुशीत होते आणि जिवाणूला रान मोकळे मिळते. रोग दिसताच युरियाचा पुढचा हप्ता रोखा, बांधीतले पाणी काढा आणि हेक्टरी 25 किलो पोटॅश द्या. काढलेले पाणी शेजाऱ्याच्या बांधीत सोडू नका. आपल्याकडे कालव्याचे पाणी एका बांधीतून दुसरीत जाते आणि त्याच वाटेने रोगही जातो. रोवणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडण्याची पद्धत पुढच्या वर्षी सोडून द्या, कारण जिवाणू त्या जखमांतून आत शिरतो. बियाणे घेताना सुधारित सांबा मसुरीसारखा वाण विचारा. हैदराबादच्या संशोधकांनी त्यात करप्याला रोखणारी तीन जनुके आणली असून तो 2008 पासून प्रसारित आहे. शेणही ताजे टाकू नका. आजारी गाईला दिलेल्या औषधाचा अंश आणि तिच्या पोटातले जिवाणू शेणात उतरतात. खत नीट तापून कुजले तर ते बरेच कमी होतात. यंदा करपा दिसला तर दुकानात जाण्याआधी ग्लासातली परीक्षा करा आणि पानाचा नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठा.