चेहऱ्याची दुरुस्ती ही चैन नव्हे, उपचार आहे



'प्लास्टिक सर्जरी म्हणजे सिनेमावाल्यांची चैन' असे वस्तीत आम्हाला नेहमी ऐकायला मिळते. ॲसिडने भाजलेल्या मुलीच्या घरीही म्हणतात, "जीव वाचला ना, आता चेहऱ्यावर कशाला खर्च?" या गैरसमजाने तिची नजरही जाऊ शकते.

मुळात ही विद्या कष्टकऱ्यांच्या घरची आहे. कावसजी हा इंग्रज फौजेतला बैलगाडीवान. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले. पुण्यात वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ही हकिकत छापून आली आणि तिथले सर्जन ही रीत शिकले.

ॲसिड पडले तर काय करावे?
लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान अर्धा तास धुवा. पाणी चांगल्या डोळ्याकडे वाहू देऊ नका. भिजलेले कपडे, दागिने काढा. हळद, तेल, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नका. दवाखाना गाठा.

ऑपरेशन कशासाठी?
जखम भरताना कातडी आखडते. पापणी मिटत नाही, बुबुळ सुकते. तोंड उघडत नाही, घास जात नाही. हनुवटी गळ्याला चिकटते. म्हणून मांडीची किंवा कानामागची कातडी काढून लावतात. पापणीचे काम आधी होते. व्रण मऊ व्हायला वर्षभर किंवा जास्त लागते, म्हणून बाकीची ऑपरेशने टप्प्याटप्प्याने करतात. मधल्या काळात मालिश, तोंडाचे व्यायाम आणि दाबपट्टी सोडू नका. चेहरा पूर्वीसारखा होईल असे आम्ही सांगणार नाही; पण डोळा मिटेल, पोटभर जेवता येईल.

खर्चाचे काय?
सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आदेश दिला आहे: खासगी दवाखान्यानेही ॲसिडग्रस्तांवर मोफत उपचार करायचे, पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेसकट. उपचार नाकारणे गुन्हा आहे. पहिल्या दवाखान्यातून ॲसिड हल्ल्याचा दाखला मागून घ्या, तो पुढे सगळीकडे लागतो. मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० वर फोन करा. हल्लेखोर अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटीचे कलमही लावायला सांगा.

आणि एक. तिला विहारात वंदनेला बोलवा. "तोंड झाकून ये" म्हणू नका.

नमो बुद्धाय!